जुनी गिअरची सायकल : भाव कोणी ठरवायचा?

मनीषनगरात आमच्या ओळखीच्या एक ताई आहेत. चार घरी स्वयंपाकाचे काम करतात. मुलगा पॉलिटेक्निकला आहे. दिवाळीनंतर फीचा हप्ता आला, तेव्हा त्यांनी मुलाची गिअरची सायकल विकायला काढली. पहिल्याच दुकानदाराने सायकलला हातही न लावता सांगितले, "दीड हजार. लोखंडच आहे जी." ताईंच्या मनात आकडा होता आठ हजारांचा, कारण २०२० साली त्यांनी ती साडेबारा हजारांना घेतली होती.

दोन्ही आकडे चुकीचे होते. दुकानदाराचा आकडा त्याच्या फायद्याचा आणि ताईंचा त्यांच्या मायेचा. आपल्या वस्तूची किंमत आपल्याला काढता आली नाही, तर समोरचा ती काढतो, आणि कष्टकऱ्याच्या वस्तूची तर तो फारच कमी काढतो. म्हणून हा हिशेब घरातल्या प्रत्येकाला यायला हवा.

पहिली गोष्ट म्हणजे जुन्या बिलाचा आकडा डोक्यातून काढून टाकावा. २०२० च्या लॉकडाऊननंतर सायकलींना एकदम मागणी आली होती. त्या वेळी ज्यांनी सायकली घेतल्या, त्यांना घासाघीस करायला वावच नव्हता. आज घेणारा माणूस आजच्या नव्या सायकलीचा भाव पाहतो. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. म्हणजे दहा हजारांच्या मूळ किमतीवर पूर्वी बाराशे कर लागे, आता पाचशे लागतो. नवी सायकल सातशे रुपयांनी उतरली, की जुनीही उतरते. हे कडू आहे, पण खरे आहे.

तेव्हा तशाच नव्या सायकलीचा भाव दोन दुकानांत विचारून यावा. ताईंना तो अकरा हजार कळला. जुनी घेणाऱ्याचे निम्मे पैसे तरी वाचले पाहिजेत, नाहीतर तो वॉरंटीची नवीच घेईल. म्हणजे वरची मर्यादा साडेपाच हजार. त्यातून सायकल नीट चालती करायला जो खर्च येईल तो वजा करायचा. तो खर्च कसा काढायचा, इथेच खरी मेख आहे.

चेनपासून सुरुवात करा. मुलाच्या कंपासपेटीतली बारा इंची पट्टी घ्या. पट्टीचे शून्य चेनच्या एका पिनेच्या मधोमध ठेवले, की नव्या चेनमध्ये बाराव्या इंचावर बरोबर दुसरी पिन येते. ती अर्धा सूत पुढे गेली असेल, तर चेन बदलायची वेळ झाली. पूर्ण एक सूत गेली असेल, तर त्या चेनने फ्रीव्हीलचे दातेही खाल्ले असे समजा. मग दोन्ही बदलावे लागतात. आपल्याकडे पावसाळ्यातली काळी माती गिअरमध्ये बसते आणि चेन लवकर झिजते. टायर बाजूने दाबून पाहा. नागपूरच्या उन्हात गच्चीवर ठेवलेल्या सायकलीचे रबर नक्षी शाबूत असूनही तडकते. चाक फिरवून आउट किती आहे ते बघा. पुढचा ब्रेक दाबून हँडल मागेपुढे हलवा, शॉकअप किंवा चिमट्याचे छर्रे ढिले असतील तर हाताला कळते.

मिस्त्रीने ताईंना खर्च सांगितला तो असा : चेन-फ्रीव्हील साडेआठशे, दोन टायर नऊशे, ब्रेकचे रबर आणि केबल साडेतीनशे, ओव्हरऑइल आणि मजुरी चारशे. एकूण अडीच हजार. साडेपाचातून अडीच गेले, उरले तीन हजार.

हे काम आधी करून घ्यावे का? धुणे, तेल, पंक्चर, ब्रेकची केबल एवढे जरूर करावे, सायकल चालवून पाहताना ते लगेच कळते. टायर किंवा फ्रीव्हीलवर मात्र पैसे घालू नयेत, ते वसूल होत नाहीत. एकवीस गिअर आहेत म्हणून किंमत वाढत नाही. पुढे तीन, मागे सात चक्र, म्हणून एकवीस. स्वस्त सायकलींतही ते असतात.

खरे तर या माउंटन बाईकचा जन्मच जुन्या सायकलींतून झाला. १९७० च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील टॅमलपाईस डोंगराच्या उतारावर पोरे जाड टायरच्या जुन्या सायकली दुरुस्त करून पळवीत. त्यातून पुढे हा प्रकार निघाला. तेव्हा जुनी सायकल घेण्यात कमीपणा कसला?

फ्रेमच्या बाबतीत मात्र सवलत नाही. हँडलखालच्या आणि पायडलजवळच्या वेल्डिंगवर कापड फिरवून, उजेडात नीट बघा. चीर दिसली तर ती सायकल किलोच्या भावानेच द्यावी. रंग मारून ती कुणाच्या लेकराला विकणे म्हणजे सरळ फसवणूक आहे. पंचशील विहारापुरते नसते. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात खोटा तराजू आणि खोटे माप यांची गणना वर्ज्य गोष्टींत केली आहे, आणि लपवलेली चीर हे खोटे मापच.

विकायची वेळही महत्त्वाची. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्याआधीचे पंधरा दिवस सर्वांत चांगले. ताईंना तेवढे थांबणे शक्य नव्हते.

त्यांनी दुकानदाराचा नाद सोडला आणि विहारात येणाऱ्या महिलांना सांगितले. साडेतीन हजार मागितले. बेश्याकडून एक चौकीदार आपल्या नववीतल्या मुलीला घेऊन आले. ताईंनी आधीच सांगितले, "भाऊ, चेन झिजली आहे, टायरही बदलावे लागतील. मिस्त्रीने अडीच हजार सांगितले." मुलीने गल्लीत दोन चकरा मारल्या. सौदा बत्तीसशेला ठरला. ताईंच्या मुलाने वहीच्या कागदावर पावती लिहिली : दोघांची नावे, तारीख, रक्कम आणि पायडलच्या धुऱ्याखाली ठोकलेला फ्रेमचा नंबर. जुने बिलही सोबत दिले, म्हणजे उद्या कोणी चोरीची म्हणून अडवायला नको. चौकीदारांनी नंबर स्वतः वाकून वाचला, पावती खिशात घातली आणि मुलीला म्हणाले, "चाल, आधी मिस्त्रीकडे जाऊ."