दोन सेंटीमीटर

सुट्टीत परदेशी निघालेले पालक लसींविषयी विचारता विचारता हळूच आणखी एक प्रश्न विचारतात, "डॉक्टर, उंची दोन सेंटीमीटर कमी पडते. बुटात जाड तळवा घातला तर चालेल ना?"

फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये 'स्पेस माउंटन' या रोलर कोस्टरसाठी किमान उंची 44 इंच, म्हणजे 112 सें.मी. लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आलेखानुसार सर्वसाधारण मूल ती साडेपाचव्या वर्षाच्या सुमारास गाठते.

अशा मर्यादेचा संबंध मुलाच्या धिटाईशी नसून आसनाशी असतो. आडवा दांडा मांड्यांवर, कटीच्या हाडांलगत घट्ट बसला पाहिजे. लहान मुलाची ही हाडे पुरती घडलेली नसतात. झटक्यासरशी शरीर दांड्याखालून निसटू शकते किंवा दाब मऊ पोटावर येतो. शिवाय डोके शरीराच्या मानाने मोठे आणि मान दुबळी. जाड तळव्याने यांतील काहीही बदलत नाही.

दिवसभरात मणक्यांमधील चकत्या दबून उंची सुमारे एक सेंटीमीटरने घटते. म्हणून सकाळी सोडलेले मूल सायंकाळी अडवले गेले, तर कर्मचाऱ्याशी हुज्जत घालू नये. तेथे पालकांना आळीपाळीने, पुन्हा रांग न लावता, बसण्याची सोय आहे. तिचा लाभ घ्यावा.

या वयात मूल वर्षाला सुमारे 6 सें.मी. वाढते. दोन सेंटीमीटर म्हणजे अवघे चार महिने! तेवढा धीर आपण धरावा. आपण नियम पाळतो की चुकवतो, हे पट्टीखाली उभे असलेले मूल पाहतच असते.