बासरीचे पहिले पाठ

आपल्या जिल्ह्यातील अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाचे चित्र आहे. त्यात नर्तकीच्या साथीला आडवी बासरी वाजविणाऱ्या स्त्रिया दिसतात. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी रंगविलेले हे वाद्य आजही खेड्यातील मुलाच्या हाती सहज येते; परंतु ‘याला जमत नाही’ असा शेरा मिळाला की ते तितक्याच सहज सुटते. असा शेरा देण्यापूर्वी शिक्षकबंधुभगिनींनी तीन गोष्टी पडताळून पाहाव्यात.

पहिली गोष्ट फुंकर. सर्व बोटे उचलून प्रथम केवळ नाद काढावयास शिकवावे. खालचा ओठ मुखरंध्राच्या कडेस टेकवून बारीक फुंकर समोरच्या कडेवर सोडावी. तेथे ती दुभंगते, नळीतील हवा कंप पावते व नाद उमटतो. नुसताच वारा ऐकू आल्यास जोर न वाढविता बासरी किंचित फिरवावी. घेरी वाटल्यास मुलास तत्काळ थांबवावे.

दुसरी गोष्ट बोटे. सहा रंध्रांपैकी मुखाकडील तीन डाव्या हाताच्या तर्जनी, मधले बोट व अनामिका यांनी झाकली असता षड्ज येतो. अनामिका उचलल्यास ऋषभ व मधले बोटही उचलल्यास गांधार मिळतो. षड्जाच्या स्थितीत उजव्या हाताची तीन बोटे क्रमाने ठेवीत गेल्यास निषाद, धैवत व मंद्र पंचम लाभतात. स्वर फाटत असेल तर मुलाची बोटे पाहावीत. रंध्राचा वळ पूर्ण गोल नसेल, तर तेथून हवा निसटते आहे असे समजावे. बोटाच्या टोकाऐवजी मऊ पेराने रंध्र झाकावयास सांगावे.

तिसरी गोष्ट बासरीची लांबी. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी सुमारे ३२ इंचांची बासरी मैफलीत रूढ केली. लांब नळीचा स्वर गंभीर असतो. परंतु तिची रंध्रे दूरदूर असल्याने लहान हात तेथे पोहोचत नाहीत. मुलांना आखूड बासरीच द्यावी. प्रत्येकाची बासरी स्वतंत्र असावी व वाजवून झाल्यावर ती आतून पुसावी.

रोजची दहा मिनिटे पुरेशी आहेत. एक षड्ज स्थिर लागेपर्यंत दुसऱ्या स्वराची घाई करू नये. दोष फुंकरीचा, बोटांचा की बासरीचा, हे शोधण्याचे काम शिक्षकाचे आहे. त्याचा भार बालकाच्या मनावर पडू देऊ नये.