कऱ्हा नदीचें खोरें

पुणें जिल्ह्यांतील कऱ्हा नदी लहान म्हणून दुर्लक्षिली जाते. परंतु तिच्या खोऱ्यांत ज्यांची जमीन आहे, त्यांनीं तिचा स्वभाव ओळखून असणें अगत्याचें आहे.

ही नदी पुरंदर तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत, गराडें गांवाकडे उगम पावते. उत्तरेस भुलेश्वराची डोंगररांग व दक्षिणेस पुरंदर-वज्रगडाचे डोंगर, ह्यांमधून ती निघते. सासवडास चांबळी नदी तिला मिळते. पुढें जेजुरी व मोरगांवाजवळून ती बारामतीस जाते आणि सोनगांवापाशीं नीरेस मिळते. नीरा भीमेस व भीमा कृष्णेस मिळते.

सह्याद्रीच्या मुख्य कण्यापासून दूर, पर्जन्यछायेंत उगम असल्यामुळें हिला बारमाही पाणी नाहीं. वरच्या अंगास माळ, मुरूम व उथळ जमीन. तेथें बाजरी-ज्वारी, माळावर सीताफळ व विहिरीच्या आधारावर अंजीर. खालीं बारामतीकडे काळी, खोल जमीन. तेथें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला व पुढें ऊंस वाढला. जेजुरीजवळ नाझरें येथें धरण बांधून कऱ्हेचें पाणीहि अडविलें आहे.

वर्षांतील बहुतेक महिने पात्र कोरडें दिसतें, म्हणून पुष्कळांस तें पडीक वाटतें. महसूल खात्याच्या नोकरींत आम्हीं गांवोगांवचे नकाशे हाताळिले. त्यांवरील रुंद ओढा शिवारांत जाऊन पाहावा, तों एका नांगराच्या तासाएवढा उरलेला. कोणी बांध पुढें सरकविला, कोणी कांठ नांगरला, कोणी वाळू नेली. परंतु पाणी आपली वाट विसरत नाहीं. सन २०१९ च्या सप्टेंबरांत वरच्या भागांत अतोनात पाऊस झाला, नाझरें धरणांतून प्रचंड विसर्ग करावा लागला आणि बारामतींतील नदीकांठच्या लोकांस घरें सोडून हलावें लागलें.

ह्यावरून आमच्या शेतकरी बंधूंस विनंति इतकीच कीं, आपल्या शिवारांतील ओढ्याची रुंदी गांवनकाशाशीं ताडून पाहावी व जेथें कमी असेल तेथें ती मोकळी करावी. काठावर गवत व झाडें राखावींत. उतारावर समपातळीचे बांध घालावे, म्हणजे माती शेतांत राहील व पाणी सावकाश मुरेल. वाळू उपसूं देऊं नये; वाळू पाणी धरून ठेवते, तिच्यावर कांठच्या विहिरी तगतात. हें काम एकट्याचें नव्हे. वरच्या गांवानें पाणी मुरविलें, तरच खालच्याच्या पुराचा जोर कमी होईल.