स्वस्त सायकल, लांबचा पल्ला

नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० कि.मी.ची सायकल शर्यत पूर्ण केली. आमची झेप बेळगाव ते निपाणी, सुमारे ७५ कि.मी., आणि सायकल स्वस्तातली! तथापि तवंदी घाटाचा उतार सायकलची किंमत विचारीत नाही, तो ब्रेकची रबरे पाहतो. रबर झिजून आतील धातू रिमला घासू लागला, की सायकल वेळेवर थांबत नाही. म्हणून निघण्यापूर्वी ती मी स्वतः तपासतो. साखळी पुसूनच तेल द्यावे. जादा तेल धूळ ओढते. वाटेत करंगळी बधिर झाल्यास, डॉक्टरमित्रहो, मनगटातील अल्नर नसेवरील दाब आठवावा, आणि हँडलवरील हातांची जागा वरचेवर बदलावी.