मक्केची वाट आणि रांझ्याचं गाव

रमजान आला की मुस्लिम घरांत हज आणि उमराहच्या गोष्टी निघतात. कुणी नुकतंच जाऊन आलेलं असतं, कुणाचे पैसे अजून साठायचे असतात. अशा वेळी बाबा बुल्लेशाह यांची एक पंजाबी काफी हमखास आठवते. तिच्यात हाजी लोक मक्केला निघाले आहेत, आणि हीरला मात्र आपल्या रांझ्याच्या गावाची, तख्त हजाऱ्याची ओढ लागली आहे. तिच्या लेखी मक्का तिथेच आहे.

ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो, सूफी संताने हज यात्रेला कमी लेखलं की काय?

हज हा इस्लामच्या पाच स्तंभांपैकी एक. ज्याच्या शरीराला आणि खिशाला झेपेल, त्याच्यावर तो आयुष्यात एकदा फर्ज आहे. काफी हे नाकारत नाही. ती जाणाऱ्याला एवढंच विचारते, की निघताना मागे काय ठेवलं?

हीर-रांझा ही पंजाबची जुनी प्रेमकथा. तख्त हजाऱ्याचा रांझा झंगला येतो आणि हीरच्या वडिलांच्या म्हशी राखतो. सूफींनी या कथेत जीव आणि परमेश्वर पाहिले. हीर म्हणजे तळमळणारा जीव, रांझा म्हणजे अल्लाह किंवा त्याच्यापर्यंत नेणारा मुर्शिद, म्हणजे गुरू. आपल्याकडे संतांनी गवळणीत गोपीच्या तोंडून विरह सांगितला, तसंच हे.

बुल्लेशाह यांच्यासाठी ही नुसती उपमा नव्हती. त्यांचा काळ १६८० ते १७५७. ते सय्यद, म्हणजे पैगंबरांच्या वंशातले मानल्या जाणाऱ्या घराण्यातले. त्यांनी मुर्शिद मानलं ते लाहोरच्या शाह इनायत कादरी यांना. ते जातीने अराईं, शेती-बागायत करणारे. सय्यदाने माळ्याचा मुरीद व्हावं, हे नातेवाइकांना रुचलं नाही. अशी आख्यायिका आहे, की पहिल्या भेटीत शाह इनायत वाफ्यात रोपं लावत होते. देव कसा मिळतो, असं विचारल्यावर त्यांनी हातातल्या कामाकडेच बोट दाखवलं. रोप एका जागेवरून काढून दुसरीकडे लावतात, तसं मन जगातून काढून अल्लाहकडे लावायचं.

घराण्याचा अभिमान सोडून गुरूच्या दारात जाणं, हीच बुल्लेशाह यांची तख्त हजाऱ्याची वाट होती.

आता हज यात्रेकडे पाहावं. एहराम बांधताना पुरुष अंगावरचे शिवलेले कपडे उतरवतात आणि दोन पांढरी, न शिवलेली वस्त्रं पांघरतात. मग व्यापारी कोण आणि हमाल कोण, हे कपड्यांवरून कळत नाही. अराफातच्या मैदानात सगळे एकाच आभाळाखाली उभे राहतात. हज माणसाकडून जे मागते, तेच काफीही मागते. वारीत लहानमोठा न पाहता एकमेकांच्या पाया पडणाऱ्या वारकऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

एहराम उतरल्यावर मात्र खरी परीक्षा सुरू होते. हाजी ही पदवी नावामागे लागली, आणि गावी परतल्यावर बिरादरीचा ताठा तसाच राहिला, सोयरीक जुळवताना जात आडवी आली, भावाचं थकलेलं देणं तसंच राहिलं, तर पाय मक्केला जाऊन आले आणि मन घरीच राहिलं. बुल्लेशाह यांचा रोख या मागे राहिलेल्या मनाकडे आहे.

रोज्याचंही तसंच. काही रोजेदारांच्या पदरी भूक-तहानेखेरीज काही पडत नाही, अशा अर्थाची हदीस आहे. रोजा सोडताना शेजारचं कोण उपाशी आहे हे आठवलं, अबोला धरलेल्या भावाच्या घरी आपण होऊन गेलं, जकात देताना घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही हे पाहिलं, तर तेवढी वाट चालून झाली.

ज्यांना हजला जाणं परवडत नाही, त्यांनाही ही वाट मोकळी आहे. तिला पासपोर्ट लागत नाही. सोडायचं असतं ते फक्त 'मी कोण' हे ओझं, आणि ते पैशांपेक्षा जड असतं.