गणिताच्या वहीतला निबंध तपासताना

मंडळातर्फे शनिवारी सकाळी नववी ते अकरावीच्या मुलांचा गणिताचा सराववर्ग चालतो, हे बहुतेकांना ठाऊक आहे. त्या वर्गात आम्ही मुलांना दर आठवड्याला अर्धे पान लिहायला लावतो. आकडेमोड नव्हे, लिहायला. त्यावरून पालकांचा प्रश्न ठरलेला : "अहो, गणितात निबंध कशाला? उत्तर आले की झाले ना!"

खरे सांगायचे तर पूर्वी आमचेही मत हेच होते. आमचे शिक्षण रसायनशास्त्राचे. शाळेतल्या गणितात आम्ही शब्द वापरले ते "समजा", "म्हणून" आणि शेवटी "हे सिद्ध करावयाचे होते" एवढेच. पण इथल्या शाळांत आता तेवढ्यावर भागत नाही. ज्यांची मुले अकरावी-बारावीला आय.बी. डिप्लोमा करतात त्यांना माहीत आहे, की तिथे गणितात १२ ते २० पानांचा एक शोधनिबंध लिहावा लागतो. त्याला २० गुण आणि अंतिम निकालात २० टक्के वजन. त्या २० गुणांची वाटणी पाहण्यासारखी आहे : मांडणीला ४, गणिती भाषेला ४, विद्यार्थ्याने स्वतः किती जीव ओतला त्याला ३, केलेल्या कामाचा पुन्हा विचार करण्याला ३ आणि प्रत्यक्ष गणिताला ६. सी.बी.एस.ई.च्या दहावीला ८० गुणांची लेखी परीक्षा असते आणि २० गुण शाळेकडे असतात. त्यांतले १० चाचण्या वगैरेंना, ५ प्रयोगांना आणि ५ मुलाने वर्षभर जमवलेल्या कामाच्या फाइलला. म्हणजे कुठल्याही बोर्डात गेलात तरी कुठेतरी "का?" लिहावे लागतेच.

एक खुलासा. आय.बी.च्या त्या निबंधाच्या फक्त एकाच मसुद्यावर शिक्षकांनी सूचना करायच्या असा नियम आहे. बाहेरच्यांनी त्यात हात घालणे तर सरळसरळ चुकीचे. त्यामुळे शाळेच्या कामाला आम्ही स्पर्शही करत नाही. कृपया त्याच्या फाइली आमच्याकडे पाठवू नयेत. आम्ही करून घेतो तो निव्वळ सराव.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, आणि ती आमच्या चुकीची आहे.

गेल्या उन्हाळ्यात एका गृहस्थांनी गप्पांत सांगितले, "आमच्याकडे एसी जपून लावतो. २००० युनिटच्या वर गेले की सगळे बिल वरच्या स्लॅबने येते." आम्ही तोच प्रश्न वर्गाला दिला. दुबईत देवाचे दर (इथे देव नव्हे, वीज-पाणी खाते) आपल्यासारख्यांच्या घरांना पहिल्या २००० युनिटना २३ फिल्स, पुढच्या २००० ना २८ फिल्स असे चढत जातात. इंधन अधिभार आणि व्हॅट बाजूला ठेवून लिहा : काकांचे म्हणणे बरोबर की चूक, आणि का? शारजाच्या मुलांनी "आमच्याकडे सेवा आहे" म्हणून सूट मागून पाहिली, ती मिळाली नाही.

दहा गुण होते. आम्ही एका बैठकीत सगळे कागद तपासले. एका मुलीने सुरेख इंग्रजीत दीड पान लिहिले होते. विजेच्या शोधापासून सुरुवात, मध्ये तुकड्यातुकड्यांच्या फलनाची व्याख्या, खाली रेघ मारून नीटनेटके सूत्र. तिला आम्ही ८ दिले. एका मुलाचा कागद मात्र गिचमिड, इंग्रजी मोडके, त्यात दशांशचिन्हाची चूक. वरच्या १०० युनिटचे २८ दिरहम होतात, त्याने २.८० धरले आणि २१०० युनिटचे बिल ४८८ ऐवजी ४६२.८० काढले. लाल शाईने "चूक" लिहून आम्ही त्याला ३ दिले.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आईंचा फोन आला, की तो दहावीला स्टँडर्डऐवजी बेसिक गणित घेतो म्हणतोय, "मला लिहिता येत नाही तर गणितही येत नाही" असे त्याच्या डोक्यात बसले आहे.

वर्गाला मदत करणाऱ्या आमच्या एक सहकारी ताई ऑडिटच्या नोकरीत आहेत. त्यांनी तो गठ्ठा मागून घेतला, चहा होईपर्यंत वाचला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही इंग्रजीला मार्क दिलेत की गणिताला?"

मग आम्ही दोघांनी कागद शेजारी ठेवले. मुलीच्या दीड पानात काकांचे बरोबर की चूक याचे उत्तरच नव्हते. मुलाने मात्र त्या चुकलेल्या बेरजेच्या खाली असे काहीसे लिहिले होते : बाबा म्हणतात ते खरे असेल तर २००० युनिटना ४६० दिरहम आणि २००१ ना एकदम ५६०.२८. म्हणजे २००१ वे युनिट एकटेच शंभर दिरहमचे. त्या एका युनिटमध्ये असे काय आहे? खाली आलेख काढला होता. रेघ २००० पाशी वाकते, पण तुटत नाही. सगळ्या गठ्ठ्यात हा मुद्दा त्याच्या एकट्याचा होता, आणि आम्ही त्या ओळीपर्यंत पोचण्याआधीच पेन चालवले होते. (त्याने "बाबा" का लिहिले ते चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेलच.)

प्रयोगशाळेत टायट्रेशन करताना आम्ही एका वाचनावर कधी विसंबत नाही. ब्युरेटची दोन वाचने ०.१ मि.ली.च्या आत जुळली तरच आकडा वहीत चढतो. मुलांच्या कागदावर मात्र एका माणसाचे एकच वाचन, तेही रात्री साडेदहाला! आय.बी.वाले शाळेने दिलेले गुण तसेच घेत नाहीत. काही निबंध नमुना म्हणून बाहेरच्या परीक्षकाकडे जातात आणि तिथे फरक निघाला तर साऱ्या तुकडीचे गुण वरखाली होतात. ती शिस्त आम्ही आमच्यापुरती उचलली. आता नावाचा कोपरा दुमडून प्रत्येक कागद दोघे स्वतंत्र वाचतात. पहिल्या वाचनाला हातात पेन नाही. कारण पटते का याला ४, ते उदाहरण घेऊन पडताळले का याला ३, आकडे-चिन्हे-आकृतीला २, भाषेला १. दोघांत दोनपेक्षा जास्त गुणांचा फरक पडला तर बसून बोलायचे. आणि "चूक" हा शब्द लिहायचा नाही, त्या जागी एक प्रश्न लिहायचा. "१०० युनिटना २८ फिल्सने किती फिल्स?" एवढे पुरते, मुले स्वतःच कपाळावर हात मारतात.

भाषेला एकच गुण यावर दोन पालकांनी नाराजी कळवली आहे. त्यांचे म्हणणे अगदीच गैर नाही, भाषा गबाळी असेल तर विचारही निसटतो. पण गबाळ्या भाषेतही विचार असू शकतो आणि तो शोधणे तपासणाऱ्याचे काम आहे, असे आमचे मत झाले आहे. ज्यांना सोपे वाटते त्यांनी मराठीत लिहावे, अशीही मुभा आम्ही दिली. दोघा-तिघांनी ती घेतली.

विद्यार्थ्याने गणित लिहावे ही कल्पना परदेशी मात्र नव्हे. रँग्लर परांजपे, म्हणजे दापोलीजवळच्या मुर्डीचे आणि १८९९ साली केंब्रिजला पहिले आलेले, यांच्या नावाचे एक पारितोषिक विद्यार्थ्याच्या स्वतंत्र गणिती लेखनाला मिळत असे. १९२७ साली ते फर्ग्युसनच्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांना मिळाले. पुढे हे गृहस्थ देवळालीला शाळेत मास्तर झाले, १९६२ पर्यंत शिकवत राहिले, आणि ६१७४ या संख्येमुळे जगभर गेले. चार अंक घ्या (सगळे सारखे नकोत), मोठ्यातून लहान उलटे करून वजा करत राहा, सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतेच. आज रात्री मुलांबरोबर करून पाहावे.

त्या मुलाच्या घरी आम्ही दोघे गेलो. कागद पुन्हा तपासून ७ झाले होते, तो त्याला दिला आणि आम्ही कारण न वाचताच गुण दिले होते हेही सांगितले. तो फारसे काही बोलला नाही. पुढच्या शनिवारी आला, दशांशचिन्ह दुरुस्त केलेला आलेख घेऊन. स्टँडर्ड की बेसिक हे अजून ठरलेले नाही. त्या मुलीलाही आम्ही प्रश्न लिहून दिला, "मग काकांनी एसी लावावा की नाही?" तिने दोन ओळींत चोख उत्तर आणले.

काका आमच्यासमोर सगळा हिशोब ऐकून "बरोबर आहे बुवा" म्हणाले. एसी अजून जपूनच लावतात.

(दोघांनी तपासायचे म्हणजे माणसे दुप्पट लागतात. शनिवारी दोन तास देऊ शकणाऱ्यांनी कळवावे. गणित येण्याची अट नाही, वाचण्याची सवय हवी.)