नांदूर मध्यमेश्वरचे पाहुणे पक्षी



दिवाळी सरली, पहाटे अंगावरची घोंगडी सोडवेनाशी झाली आणि हरभऱ्यावर आंब धरू लागली, की आमच्या नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्याच्या गोदाकाठी एक जत्रा भरते. या जत्रेत पाळणे नाहीत, रेवड्यांची दुकाने नाहीत, आणि येणारे यात्रेकरू दोन पायांचे असले तरी माणसे नव्हेत. ती आहेत पाखरे. कोणी लडाख-तिबेटातून येते, कोणी थेट सैबेरियातून. नांदूर मध्यमेश्वर हे त्या जत्रेचे ठिकाण. तिथे काय पाहावे, केव्हा पाहावे आणि कसे पाहावे, याविषयी आज थोडे बोलणार आहे.

आधी जागेची ओळख करून घेऊ. गोदावरी आणि कादवा या दोन नद्यांच्या संगमापाशी इंग्रजी अमदानीत, विसाव्या शतकाच्या आरंभी, एक बंधारा बांधला गेला. हेतू सरळ होता. सह्याद्रीच्या पावसाआड राहिलेल्या कोरड्या टापूला कालव्याने पाणी द्यायचे. बंधाऱ्याच्या डाव्या-उजव्या अंगांनी कालवे निघाले आणि खाली कोपरगाव-राहात्याकडच्या जमिनी भिजू लागल्या. परंतु नदी नुसते पाणी आणत नाही, माती पण आणते. वर्षानुवर्षे पुराबरोबर आलेला गाळ बंधाऱ्यामागे बसत गेला. पाण्याची जागा गाळाने घेतली, मधे उथळ डबकी आणि बेटे तयार झाली, त्यांवर पाणगवत माजले. पाटबंधाऱ्याच्या वहीत जो तोटा, तोच पाखरांच्या वहीत नफा झाला! १९८६ साली हे क्षेत्र पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. इराणमधल्या रामसर गावी १९७१ साली पाणथळ जागांच्या रक्षणासाठी राष्ट्राराष्ट्रांचा एक करार झाला होता. त्या कराराच्या यादीत नांदूर मध्यमेश्वरचे नाव आल्याचे २०२० च्या जानेवारीत जाहीर झाले. महाराष्ट्रातून त्या यादीत गेलेली ही पहिली जागा.

आता एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात मी कॉलेजची मुले घेऊन तिथे गेलो होतो. आदल्या आठवड्यात मी एकटा जाऊन आलो होतो, तेव्हा काठच्या चिखलावर बारीक पाखरांचे थवेच्या थवे धावत होते. मुलांना मोठ्या तोऱ्यात सांगून ठेवले होते, की चला, डोळे भरून पाहाल. गेलो तर काठ रिकामा! दूर खोल पाण्यात काही काळी पाखरे पोहत होती, तेवढीच. मुले माझ्या तोंडाकडे पाहू लागली. शेजारच्या शेतात एक वयस्कर शेतकरी दारे धरत होते. त्यांना विचारले, "बाबा, पाखरं कुठं गेली?" ते हसून म्हणाले, "सर, परवा आवर्तन सुटलं. वीतभर पाणी चढलं. आता तुमची बारकी पाखरं उभी कुठं राहणार?"

मंडळी, त्या एका वाक्याने मला जे शिकवले, ते पुस्तकाने शिकवले नव्हते. मी तारीख पाहून गेलो होतो, पाखरे पाणी पाहून बसतात. वरच्या गंगापूर, दारणा या धरणांतून कालव्यांसाठी पाणी सोडले, की ते नदीवाटे या बंधाऱ्यात येते. इथली पातळी चढते, आणि कालपर्यंत उघडा असलेला चिखल बुडून जातो. आवर्तन संपले की पाणी उतरते आणि चिखल पुन्हा उघडा पडतो. म्हणून इथे पक्षी पाहायचे तर नजर आधी पाण्याकडे हवी, मग पाखरांकडे.

असे का, ते पाहू. पंगतीत जसे ज्याचे त्याचे पान ठरलेले असते, तसे पाणथळीवर प्रत्येक पाखराचे पान पाण्याच्या खोलीवर ठरलेले असते. अगदी कोरड्या काठावर शेपटी वरखाली हलवीत धोबी पक्षी फिरतो. ओल्या चिखलावर छोटा टिलवा असतो. हा चिमणीएवढा जीव, वजन जेमतेम पंचवीस ग्रॅमच्या आसपास, पण उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशातून इथवर येतो. त्याची चोच आखूड, पाय आखूड; दोन बोटे पाणी चढले की त्याचे पान उचललेच. त्याच्या पुढे चारसहा बोटे पाण्यात शेकाट्या उभा असतो. लालबुंद काड्यांसारखे त्याचे लांब पाय एकदा पाहिले की विसरत नाहीत. त्याच्याही पुढे गुडघाभर पाण्यात चमचा पक्षी आपली चपटी चोच डावी-उजवीकडे फिरवीत चालतो, जसा कोणी कढईत उलथने फिरवावा. त्यापलीकडे बदके. थापट्या बदक रुंद चोचीने पाणी गाळते. तलवार बदक डोके बुडवून शेपूट वर करते आणि तळाशी चोच पोचवते; तिची मान पोचेल तेवढीच तिची खोली. आणि अगदी खोलात बुडी मारून खाणारे वारकरी, टिबुकली, पाणकावळे. वारकरी म्हणजे ते काळे पाखरू, ज्याच्या कपाळावर पांढरा टिळा असतो. त्या दिवशी आम्हाला दिसली ती हीच मंडळी होती, हे मला मागाहून उमगले.

म्हणजे पाणी वीतभर चढले किंवा उतरले, की पंगतीतली अर्धी पाने उचलली जातात नाही तर नवी मांडली जातात. गाळाचा उथळ उतार जितका रुंद, तितकी पंगत मोठी. नांदूरची श्रीमंती ती हीच.

आता वर्षाचा फेरा पाहू. पावसाळ्यात गोदेला पूर येतो, दारे उघडतात, गढूळ पाणी धावते. पाहणाऱ्याला तेव्हा फार काही दिसत नाही. पण पाणगवतात जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी यांचा संसार चालू असतो. कमळपक्ष्यांत अंडी उबवण्याचे काम नराकडे असते, मादी अंडी घालून मोकळी! भाद्रपद-आश्विनात पहिले पाहुणे येतात, ते धोबी आणि भुवई बदके. कार्तिकापासून गर्दी वाढते, आणि मार्गशीर्ष-पौषात, निफाडच्या त्या प्रसिद्ध थंडीत, जत्रा भर रंगात असते. नारिंगी अंगाचे चक्रवाक जोडीजोडीने दिसतात ते याच दिवसांत. क्रौंच पक्ष्यांचे थवे सकाळी कर्णा वाजवावा तसे ओरडत शेतांकडे जातात. माघ सरला की पाहुण्यांची खाण्याची घाई वाढते, कारण परतीच्या लांब प्रवासाची शिदोरी म्हणजे अंगावरची चरबी, ती इथेच बांधायची असते. चैत्र-वैशाखात बहुतेक पाहुणे गेलेले असतात. तेव्हा उघड्या बेटांवर नदी सुरय आणि शेकाटे जमिनीवरच अंडी घालतात. त्या दिवसांत पाणी एकाएकी चढले तर अंडी बुडतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. बंधाऱ्याचे पाणी पिकासाठी आहे. ते अडवून ठेवा असे मी म्हणणार नाही. ज्याच्या घरी ऊस-गहू वाळतो त्याला पाखरांचे कौतुक सांगणे सोपे नाही. क्रौंचांचा थवा कोवळ्या हरभऱ्यात उतरला, तर नुकसान शेतकऱ्याचे होते, पाहून जाणाऱ्याचे नव्हे. परंतु पाणी किती चढले तर कोणती पाखरे उठली, किती दिवसांनी परतली, कोणत्या बेटावर कोणत्या आठवड्यात अंडी होती, हे कोणी लिहून ठेवले असेल, तर पाणी सोडणाऱ्यापुढे ठेवायला काही तरी हाती असेल. नुसत्या हळहळीने अंडी वाचत नाहीत.

म्हणून शिक्षकबंधूंना एक विनंती आहे. तुमच्या गावी नांदूर नसेल, पण पाझर तलाव असेल, गावतळे असेल. काठाशी पाण्यात एक काठी रोवा, तिच्यावर वीत-वीत अंतराने रंगाच्या खुणा करा. आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, ठरल्या वेळी मुलांना न्या. वहीत तीन रकाने पुरेत: पाणी कोणत्या खुणेवर, पक्षी कोणते, आणि किती. नाव ठाऊक नसेल तर पाय, चोच आणि रंग लिहा. नाव मागाहून सापडते. मोठा थवा असेल तर आधी दहा पाखरे मोजा, ती दहा किती जागा व्यापतात ते डोळ्यांत भरा, आणि तेवढे तुकडे मोजत जा. आशियातल्या अनेक देशांत १९८७ पासून दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. ती हौशी माणसांच्या अशाच मोजण्यावर उभी आहे.

पाहायला जाणाऱ्यांना दोन शब्द. चापडगावच्या बाजूला निरीक्षणासाठी मनोरे आहेत. उजाडता पोचा, सूर्य पाठीशी राहील असे उभे राहा, कपडे भडक नकोत. थवा उडताना छान दिसतो म्हणून कोणी टाळ्या पिटतात, कोणी खडा टाकतात. कृपा करून तसे करू नका. आपल्याला ती घटकाभराची मौज. पण प्रत्येक उड्डाणात त्या जिवाची शिदोरी खर्ची पडते. थवा आपोआप उठतोच. दलदलीवरून शिकारी भोवत्या संथपणे तरंगत आला, की वारकरी एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि बदके उडतात. तेवढा धीर धरा.

त्या शेतकरीबाबांकडे मी पुढच्या वर्षीही गेलो, पण जाण्याआधी निरोप पाठवून विचारले, पाणी कुठवर आहे? उत्तर आले, "उतरलंय, या." आणि त्या सकाळी मुलांनी चिखलावरचे टिलवे मोजले. मोजता मोजता दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमले. वही अजून कॉलेजात आहे, आणि तिच्यातला पहिला रकाना पाण्याचा आहे.